मर्सराइज्ड सुती दोरा: क्रोशासाठी माझी पहिली पसंती

या दोऱ्यात गोल रुमाल विणला आणि साध्या सुताकडे परत जावंसंच वाटेना. या दोऱ्याची चकाकी वरून चोपडलेली नाही. ताणून धरलेलं सूत कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडवतात. तंतू फुगतो, पिळवटलेल्या चपट्या फितीसारखा असतो तो गोलसर होतो. सेल्युलोजच्या (कापसाचा तंतू ज्याचा बनतो त्या पदार्थाच्या) एकाच दिशेच्या साखळ्या उलटसुलट दिशांनी नव्याने रचल्या जातात, आणि सोडा धुऊन काढला तरी ती रचना मूळपदावर येत नाही! जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये या सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. ताण देऊन चमक आणली ती मात्र पुढे होरेस लो यांनी. रंगही खोलवर मुरतो. माझा गडद लाल कित्येक धुण्यांनंतर तसाच आहे. तक्रार एकच: गुळगुळीत असल्यामुळे सुईवरून टाका पटकन निसटतो.