आरोग्य विम्याच्या नावाखाली 20,392 रुपये नेले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकरांनी वाचावं

शिबिर लावून खोटा विमा विकणारी ही माणसं आमच्या वाडीतून गेली म्हणजे त्यांनी धंदा बंद केला असं नाही. आज वेंगुर्ल्यात नसतील तर देवगडात असतील, नाहीतर राजापुरात. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

कुडाळ तालुक्यात माझा काजूचा छोटा कारखाना आहे. घरात आम्ही पाच जण. बाबा 72 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोज चालू. चौकशी न करता पैसे दिले असं कुणी म्हणू नये. गणपतीनंतर एका नोंदणीकृत एजंटकडून पाचही जणांचा वर्षाचा हप्ता किती पडेल याचा हिशोब करून घेतला होता, 58,200 रुपये. वर त्याने सांगितलं होतं की बाबांच्या जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. तो माणूस खरं सांगत होता, पण एवढी रक्कम एकदम काढणं मला जमत नव्हतं, म्हणून विषय पुढे ढकलला.

2025 च्या दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात 'मोफत आरोग्य शिबिर' लागलं. बॅनरवर महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्हींची नावं. दोन मुलगे, एक मुलगी. रक्तदाब बघितला, साखर बघितली. मग टॅब घेऊन एकेका घराचा 'अंदाज' काढायला बसले. वय, रेशनकार्डाचा रंग, वर्षाचं उत्पन्न, आजार असं सगळं विचारून भरलं. आमचं रेशनकार्ड पांढरं. ते बघून मुलगा म्हणाला, पांढऱ्या कार्डाला फुले योजना नाही, आणि सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान नाही. पण 'शासन सहभाग' योजनेत तुम्ही बसता. स्क्रीनवर आकडा आला: हप्ता 27,400, शासनाचा वाटा 60 टक्के, तुमचा वाटा 10,960. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. वर, "काका, तुमका काय्येक करूचा नाय, आमी सगळा बघतंव."

त्याने जी दोन वाक्यं सांगितली ती दोन्ही खोटी होती, आणि तिथेच आमचा सौदा झाला. जुलै 2024 पासून फुले योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरीच्या वरच्या माणसाला तर ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न न विचारता, आधारवर, तेही पाच लाखांचं. यात आपल्याकडून हप्ता घेतच नाहीत. अर्धा हप्ता शासन भरतं, उरलेला तुम्ही भरा, असं कुणी म्हणालं की खुर्चीवरून उठा.

आणि त्यांना आमची दुखरी नस ठाऊक होती. सिंधुदुर्गात जिवावरचं दुखणं आलं की माणसं गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पळतात. "आमचं कार्ड गोव्यात चालतं," म्हणून त्यांनी रुग्णालयांची छापील यादीच हातात दिली. त्या यादीवर आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांनी पैसे भरले.

मी 10,960 भरले, नोंदणीचे 1,500, आणि 'आयुष्मान लिंकिंग'चे माणशी 600 म्हणजे 3,000. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा कुठल्याशा खाजगी माणसाचं नाव आलं. विचारलं, तर 'आमच्या जिल्हा समन्वयकांचं खातं' म्हणाले.

तरी तेवढ्यावर सुटलो असतो. आठवड्याने फोन आला, फाईल अडकली आहे, पूर्ण हप्त्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागेल, 4,932 रुपये, आजच्या आज. मी स्वतः जीएसटी भरणारा माणूस. घरगुती आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला हे मी पेपरात वाचलं होतं, कारखान्यातल्या मुलांना मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. फोन आला तेव्हा काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, व्यापारी दारात उभा होता, आणि पलीकडून बाई सांगत होती की आज भरला नाहीत तर शासनाचा वाटा परत जाईल. मी तिला म्हटलंसुद्धा, "जीएसटी काढलाय ना?" ती म्हणाली, "तो नवीन पॉलिसीला, तुमची सवलतीतली आहे." आणि मी भरले. ते एक वाक्य अजून कानात आहे. माझ्या तोंडून बरोबर प्रश्न निघाला होता, एका मिनिटात नेटवर खात्री करता आली असती. पण पाच माणसांच्या कुटुंबाचे आधीचे 15,460 अडकलेले असताना कुणीही तेच केलं असतं.

जानेवारीत बाबांच्या छातीत दुखू लागलं. यादी बघून गोव्यातल्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. विमा खिडकीवरच्या मुलीने शिबिरवाल्यांनी दिलेलं निळं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाली, हा विमा नाही, हे सवलत कार्ड आहे. कार्डासोबतच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत तसं छापलेलं होतं. ते रुग्णालय ना त्यांच्या यादीशी संबंधित, ना कुठल्या सरकारी योजनेत. अँजिओप्लास्टी तातडीने करावी लागली. बिल 1,86,500. बायकोचे दागिने गहाण ठेवले. बाबा घरी आल्यावर आशाताईंनी मोबाईलवर त्यांचं वय वंदना कार्ड काढून दिलं. आधार आणि चेहरा, बस. एक रुपया लागला नाही. हे कार्ड आधी असतं तर आम्ही योजनेतल्या रुग्णालयात गेलो असतो.

आता यंत्रणेचं ऐका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही हाताने दिलेत, हा दिवाणी मामला. खातं परराज्यातलं निघालं तर म्हणे तिकडे तक्रार करा. अहो, जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने नोंदवायचा आहे! हे मी त्यांना सांगायचं? 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला तर उशीर झाला म्हणाले. लगेच लावला तर पैसे गोठवता येतात, म्हणून तुम्ही त्याच दिवशी लावा. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या पिनने झालाय. विमा नियामकाच्या तक्रार यंत्रणेत आधी कंपनी निवडावी लागते, आणि आमची 'कंपनी' त्या यादीत नाहीच. म्हणजे खऱ्या कंपनीने फसवलं तर दाद आहे, खोटीने फसवलं तर नाही? सभामंडप दिलेल्यांचं म्हणणं, आम्ही फक्त जागा दिली. योजनेच्या नावाचा बॅनर दिवसभर रस्त्यावर लटकत होता आणि एकाही सरकारी माणसाला विचारावंसं वाटलं नाही, हा राग माझा जात नाही. प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं, तुम्ही एवढे शिकलेले असून कसे फसलात. त्या तिघांना कुणी काही विचारलं का?

पात्रता बघायची तर फुले योजनेच्या 155388 किंवा आयुष्मानच्या 14555 वर फोन करा, नाहीतर योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. खाजगी पॉलिसी घेताय तर कागदावर यूआयएन, म्हणजे विमा नियामकाकडचा त्या पॉलिसीचा ओळख क्रमांक शोधा, तो नसेल तर विमा नाही. पैसे कंपनीच्या नावावरच द्या, माणसाच्या नावावर नको. आधारचा ओटीपी शिबिरात सांगू नका, आमच्या शेजारच्या आजींचा त्यांनी दोनदा घेतला. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरू म्हणणाऱ्याकडून ते पॉलिसीच्या कागदावर लिहून मागा.

ते निळं कार्ड कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी भागात आणखी कुणाकडे असेल तर पावती, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि फोनचं रेकॉर्डिंग पुसू नका. आमच्या वाडीतल्या घरांचा अर्ज आम्ही एकत्र करून पोलीस अधीक्षकांकडे देतोय, त्यात तुमचीही नावं घालू.