ट्रेडमिल अकरा महिने वापरल्यावर : आधी पट्ट्याच्या तेलाबद्दल वाचा

गेल्या सोमवारी पहाटे पावणेसहाला ट्रेडमिलवर चढले, तर पाय टेकला की पट्टा अडखळायचा आणि पाय उचलला की सुटायचा. दोन मिनिटांत एरर आला, मशीन बंद. मोटारीच्या बाजूने तापल्याचा वास येत होता.

वॉरंटीचा एक महिना बाकी होता, म्हणून निश्चिंत होते. कंपनीच्या माणसाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, पट्ट्याखाली तेल कधी घातलं होतं?" कधीच नाही. "मग वॉरंटी लागू नाही. कार्ड गेलं असणार, साडेनऊ हजार तयार ठेवा." मशीन न बघता! (कार्ड म्हणजे मोटार चालवणारं आतलं सर्किट बोर्ड.) बसवायला आलेल्या मुलाने सेफ्टी की दाखवली, सही घेतली आणि दहा मिनिटांत गेला. तेलाचा शब्द त्याने काढला नव्हता. पुस्तिकेत एक ओळ आहे, तीही बारीक इंग्रजीत. अठ्ठावीस हजार घेताना ही एक गोष्ट तोंडाने सांगायला काय हरकत होती? आठ दिवस झाले तरी माझा संताप गेलेला नाही.

शेवटी इथल्या डोंबिवलीतल्याच, जिमची मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी प्लग काढला, पट्टा मधोमध उचलला आणि म्हणाले, "ताई, आत हात घालून बघा." पट्ट्याखालची फळी कोरडी ठणठणीत, बोटांना काळी भुकटी लागली. पट्टा फळीवर घासतो, मोटार जास्त करंट ओढते, कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतं. म्हणजे कार्ड शाबूत होतं! त्यांनी कोरड्या फडक्याने फळी पुसली, दोन्ही बाजूंनी आत नागमोडी सिलिकॉन तेल सोडलं आणि पाच मिनिटं मशीन रिकामंच हळू चालवलं. पट्टा जरा डावीकडे सरकत होता, तर मागच्या रोलरचा बोल्ट ॲलन कीने फक्त पाव फेरा फिरवला. एक्स्टेंशन बोर्डही काढायला लावला, प्लग थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटमध्ये. साडेसहाशे रुपये, तेलाचे अडीचशे वेगळे. घरातलं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात घालू नका, पट्टा खराब होतो.

आता मशीनबद्दल. चार महिने वापरून मी लिहिलं होतं की दुमडून उभं करता येतं, हे याचं सगळ्यात मोठं सुख. ते मत मी मागे घेते. दुमडून ठेवलेलं असायचं तेव्हा आठवड्यातून दोनदा कसंबसं चालणं व्हायचं, कारण झोपेतून उठून ते जड धूड खाली घ्यायचं जिवावर यायचं. डिसेंबरात पाहुणे गेले आणि ते उघडंच राहिलं, तेव्हापासून पाच दिवस चुकत नाहीत. रात्री बूट पट्ट्यावरच ठेवते. हॉलमधली जागा अडते, आमच्या ह्यांची कुरकुर असते, पण ती जागा वसूल झाली आहे.

सुरुवात दहा मिनिटांनी केली, वेग ताशी ४ किमी. आता ५.५ वर तीस मिनिटं. पाच दिवसांची १५० होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मध्यम व्यायामासाठी आठवड्याला निदान तेवढीच सांगते. याआधी दोन वर्षं बाहेर चालून पाहिलं. जूनमध्ये पाऊस लागला की सुटायचं, ते थेट दिवाळीनंतर सुरू. यंदा आषाढ चालू आहे आणि खंड फक्त त्या बिघाडाच्या चार दिवसांचा. स्टेशनच्या पुलावर पूर्वी मधल्या टप्प्यावर कठडा धरून थांबावं लागायचं. परवा पिशव्या घेऊन सरळ वर गेले, आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की थांबलेच नाही.

मशीनला चार तारे, कंपनीच्या सर्व्हिसला एकही नाही. घरी ट्रेडमिल असेल तर आजच प्लग काढून पट्ट्याखाली बोट फिरवा, कोरडं लागलं तर उद्या चालू नका. मी कॅलेंडरवर दर दोन महिन्यांनी 'तेल' लिहून ठेवलं आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची, आणि बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे.