काडी ओढून दाखवली म्हणजे घोंगडी लोकरीची ठरत नाही

शेकोटीतला निखारा उडून अंथरुणावर पडला आणि घोंगडीला रुपयाएवढं भोक पडलं. जुन्या घोंगड्यांना अशी भोकं असतातच, पण त्यांच्या कडा करपलेल्या असतात, बोट लावलं की चुरा होतो. या भोकाच्या कडा कडक होत्या, नखाने तुटत नव्हत्या. काळी, वेडीवाकडी गुठळी सुतांच्या टोकांना चिकटून बसली होती. घोंगड्या होत्या जत्रेतल्या मांडवातून घेतलेल्या, प्रत्येकी २,४०० रुपयांच्या दोन. 'शंभर टक्के मेंढीची लोकर, जावळाची, हातमागाची' असं सांगून दिलेल्या. विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर काडी ओढून सूत जाळूनही दाखवलं होतं. केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. घरातल्या चौघांनी ते पाहिलं होतं.

जाळलेलं सूत खरंच लोकरीचं होतं. फसवणूक तिथेच झाली.

विकणाऱ्याने सूत ओढलं दशीतून, म्हणजे घोंगडीच्या दोन टोकांना लोंबणाऱ्या धाग्यांतून. दशा म्हणजे ताण्याची, उभ्या सुताची टोकं. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत दशीत येतच नाही. ते एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत जातं आणि तिथूनच परत वळतं. घोंगडीसारख्या जाड, सैल विणीच्या कापडात निम्मं किंवा त्याहून अधिक वजन बाण्याचं असू शकतं. या घोंगडीत ताणा लोकरीचा होता आणि बाण्यात बहुतेक सगळं ॲक्रिलिक (लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम तंतू) होतं, तेही जुन्या स्वेटरांचं. दशीतून कितीही सुतं काढून जाळली असती, तरी दर वेळी लोकरच जळाली असती. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: कुठलं सूत जाळायचं हे विकणाऱ्याला ठरवू देऊ नका. किनारीला जिथे बाणा वळतो, तिथला एक फेरा सुईने उचला आणि ते सूत मागा. 'घोंगडी उसवेल' असं सांगून कुणी नाही म्हणालं, तर दोन बोटं सूत काढल्याने घोंगडीला काही होत नाही. किनार पुन्हा टाचता येते.

बाण्यातच भेसळ का होते, याला विणकामातलं साधं कारण आहे. मागावर ताणा सतत ओढला जातो आणि फणीत घासला जातो. कमकुवत सूत तिथे टिकत नाही. म्हणूनच हाताने कातलेल्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ चढवतात आणि कुंच्याने ती सुतात मुरवतात. बाण्यावर तसा ताण येत नाही, त्यामुळे आखूड तंतूंचं, हलकं सूत तिथे खपून जातं. हे सूत येतं जुन्या कपड्यांपासून. पानिपतमध्ये जुने लोकरी आणि ॲक्रिलिक कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा आहे. व्यापारात या मालाला शॉडी म्हणतात. तो धंदा वाईट नाही, त्यातून स्वस्त ब्लँकेटं तयार होतात आणि थंडीत लाखो लोकांच्या उपयोगी पडतात. पण शॉडीचा बाणा घातलेली चादर मेंढीच्या घोंगडीच्या भावाने विकणं ही चोरी आहे.

शॉडी ओळखायला काडीसुद्धा लागत नाही. बाण्याचं बोटभर सूत पांढऱ्या कागदावर ठेवून उलटा पीळ द्या आणि तंतू सुटे करा. दख्खनी मेंढीची काळी लोकर पूर्ण काळी नसते. उन्हाने तिची टोकं तपकिरी झालेली असतात, मध्ये एखादा पांढरा किंवा करडा केस असतो. काही केस जाड, ठिसूळ आणि चमक नसलेले असतात. शॉडीत मात्र लाल, निळे, हिरवे, कधी गुलाबी तंतू सापडतात. दुरून पाहिलं तर ते सगळं मिळून काळपट राखाडी दिसतं, जवळून पाहिलं की कुणाचा तरी निळा स्वेटर दिसतो. शिवाय तंतू आखूड असतात, बरेचसे एक-दोन सेंटिमीटरचे. जत्रेतल्या त्या घोंगडीच्या बाण्यात चार रंग सापडले.

आता जाळून पाहण्याबद्दल, कारण ती परीक्षा चांगली आहे. फक्त पूर्ण करायला हवी. ताण्याचे तीन आणि बाण्याचे तीन तुकडे घ्या, प्रत्येक दोन-अडीच इंचांचा आणि वेगवेगळ्या जागचा. चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, घराबाहेर जाळा. ॲक्रिलिकचा धूर विषारी असतो, तो हुंगत बसू नये. लोकर ज्योतीपासून मागे सरते, चरचरत जळते आणि ज्योत बाजूला घेतली की आपोआप विझते. वास केसांचा येतो. टोकाला काळा, पोकळ गोळा उरतो आणि चिमटीत त्याची भुकटी होते. ॲक्रिलिक वितळतं आणि पेट घेतं, ज्योत काढल्यावरही काजळी सोडत जळत राहतं. उरते ती न फुटणारी गुठळी. पॉलिस्टर वितळून थेंब पडतात, गुठळी गोल आणि टणक असते. सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) सुताला जळक्या कागदाचा वास येतो, विझल्यावरही टोक लाल धुमसतं आणि राख मऊ, करडी पडते.

पण एकाच सुतात लोकर आणि ॲक्रिलिक मिसळलेली असेल, तर वासावर विसंबणारा माणूस हमखास फसतो. केस जळल्याचा वास इतका उग्र असतो की चौथा हिस्सा लोकर असली तरी नाकाला लोकरच लागते. अशा वेळी वास विसरा, गुठळी पाहा. ती चुरडताना मध्ये खडा लागला, तर मिश्रण आहे.

मिश्रण किती, हे घरी ठरवायचं असेल तर ब्लीच वापरा. कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. लोकर हे प्रथिन आहे आणि ब्लीच ते विरघळवतं. ॲक्रिलिक, पॉलिस्टर, कापूस, व्हिस्कोस त्या वेळात तसेच राहतात. आधी सुतं कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, म्हणजे खळ आणि तेलकटपणा जाईल. सराफाच्या काट्यावर एक ग्रॅम बाणा मोजून घ्या. काचेच्या पेल्यात ताज्या ब्लीचमध्ये तो बुडवा आणि काचेच्या कांडीने अधूनमधून हलवत तासभर ठेवा. लोकर असेल तर बुडबुडे सुटतात, सूत पिवळट होऊन मऊ पडतं आणि मग नाहीसं होतं. जे उरेल ते गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. या घोंगडीचा ताणा विरघळून गेला. बाण्याच्या एका ग्रॅममधला पाऊण ग्रॅमहून जास्त भाग रंगीबेरंगी लगद्यासारखा पेल्यात तसाच राहिला. ब्लीच जुनं झालेलं असेल तर अस्सल लोकरही नीट विरघळत नाही आणि चांगल्या मालावर खोटा आळ येतो, म्हणून बाटलीची तारीख पाहून घ्या. शेजारी डोक्याचे चार केस टाकून ठेवा. ते विरघळले नाहीत तर ब्लीच निकामी आहे. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि त्याच भांड्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

सूत न काढताही एक परीक्षा करता येते. लोकर हवेतला ओलावा स्वतःत घेते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ती कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, आणि तरी हाताला कोरडी लागते. सुती कापडाचा हाच आकडा साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे, ॲक्रिलिकचा दीड-दोन आणि पॉलिस्टरचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दुपारच्या कडक उन्हात घोंगडी तीन-चार तास वाळवा आणि लगेच वजन करा. मग पावसाळी रात्री, पाणी लागणार नाही अशा बेताने, ओसरीत पसरून ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. दोन किलोची लोकरीची घोंगडी शंभर-दीडशे ग्रॅम सहज वाढते, निव्वळ ॲक्रिलिकची चादर त्या मानाने जागची हलत नाही. मिश्रणाची वाढ मधे कुठेतरी येते.

घोंगडीचं मोल याच गुणात आहे. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून उभा राहतो, तेव्हा लोकर ओलावा शोषते आणि शोषताना थोडी उष्णता सोडते. वर लोकरीतलं नैसर्गिक मेण पावसाचे थेंब काही वेळ अडवतं. ॲक्रिलिकच्या चादरीतून पाणी झिरपून थेट अंगाला लागतं.

आगीच्या बाबतीत फरक जिवावरचा आहे. लोकर जळत राहायला हवेत साधारण २५ टक्के ऑक्सिजन लागतो, आणि आपल्या हवेत तो २१ टक्के असतो. म्हणून लोकर स्वतःहून विझते. ॲक्रिलिकला १८ टक्के पुरतो. ते जळत राहतं, वितळतं आणि वितळलेला रस कातडीला चिकटतो. शेताच्या राखणीला, चुलीशेजारी, बाळंतिणीच्या शेकाजवळ लोकरीच्या भरवशावर वापरलेली नकली घोंगडी म्हणूनच धोक्याची आहे. त्या घरी निखारा पायाशी पडला आणि जागे असलेल्यांनी तो लगेच झटकला, एवढ्यावर निभावलं.

विकणाऱ्यांची काही वाक्यं कानावर आली की सावध व्हा. 'बघा, टोचते, म्हणजे लोकरच.' टोचणं हे तंतूच्या जाडीवर असतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड टोक कातडीला टोचतं, मग ते मेंढीच्या पाठीवरचं असो की कारखान्यातलं. 'कडक आहे, म्हणजे चिंचोक्याची खळ आहे.' कडकपणा कुठल्याही खळीने आणता येतो. 'कसर लागणार नाही, याची गॅरंटी.' ही गॅरंटी देणारा नकळत खरं सांगून जातो. कसर लोकरीला लागतेच, म्हणून तर घोंगडी उन्हं दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. 'मशीनमध्ये गरम पाण्याने धुवा, काही होत नाही.' अस्सल घोंगडी अशी धुतली तर आटते, तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून ती घट्ट होते. पाठदुखी, संधिवात, रक्तदाब बरा होतो असं सांगून दुप्पट भाव लावणाऱ्यांकडे तर थांबूच नका. लोकरीने ऊब मिळते, उबेने दुखऱ्या अंगाला बरं वाटतं, पण घोंगडी म्हणजे औषध नव्हे.

आणि 'जावळाची'. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. ती मऊ आणि बारीक असते, आणि एका कोकराच्या आयुष्यात एकदाच मिळते. एका घोंगडीला पुरेशी जावळ जमवायला कितीतरी कोकरं लागतात. एका मांडवात जावळाच्या घोंगड्यांची थप्पीच्या थप्पी लागलेली दिसली, तर तिथे मऊपणा वेगळ्या मार्गाने आला असण्याचीच शक्यता जास्त. साधी लोकर मिळणंही आता सोपं राहिलेलं नाही. मटणाच्या भावामुळे जत तालुक्यातल्या माडग्याळसारख्या, कमी लोकरीच्या मेंढ्या कळपांत वाढल्या. दख्खनी लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणीची मजुरीही सुटत नाही, कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. कातणाऱ्या बायका आणि खड्डामागावर बसणारे सणगर, खुटेकर धनगर विणकर कमी झाले. नकली मालाला जागा मिळाली ती अशी, आणि तो ज्या भावाने खपतो त्यातला पैही या माणसांपर्यंत पोहोचत नाही.

हातमागाच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. २००६ साली सुरू झालेलं हँडलूम मार्क कापड हातमागावर विणल्याची खूण आहे. त्यात कुठला तंतू आहे, हा प्रश्न वेगळा. ॲक्रिलिकही हातमागावर विणता येतं. म्हणून तंतूचं नाव आणि टक्केवारी बिलावर लिहून घ्या: 'ताणा मेंढीची लोकर, बाणा मेंढीची लोकर, इतर तंतू नाहीत', पुढे वजन, लांबी-रुंदी, तारीख आणि विक्रेत्याचा पत्ता. त्या कुटुंबाकडे होती ती 'घोंगडी २ नग' एवढंच लिहिलेली चिठ्ठी. पत्ता नव्हता. जत्रा उठली आणि मांडवही उठला. ऑनलाइन खरेदीत निदान पैसे दिल्याचा पुरावा राहतो. जाहिरातीत लिहिलेल्या वर्णनाचा फोटो पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा, नंतर ते बदललेलं असू शकतं.

बिल नीट असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे घरच्या ब्लीचची परीक्षा पुरावा म्हणून चालेल असं धरू नका, प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन आणि मुंबईत प्रभादेवीला मुख्यालय असलेली वस्त्र समिती तंतूंची तपासणी करतात. नमुना किती लागेल आणि खर्च किती येईल ते आधी विचारा, मग घोंगडी कापा. नमुन्यात ताणा आणि बाणा दोन्ही आले पाहिजेत, आणि अहवालही दोन्हींचा वेगवेगळा मागा. नुसती दशी पाठवली, तर प्रयोगशाळाही लोकरच सांगेल.

नकली निघालेली घोंगडी फेकायची गरज नाही. कापडाची चादर म्हणून ती चालते. गादीखाली घाला, गाडीत टाका, धान्याच्या पोत्यांवर झाका. चूल, शेकोटी, शेगडी आणि देवघरातला दिवा यांच्या जवळ मात्र ती नेऊ नका, आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर घालू नका.