ऑटोरन्स वापरून बघितलं: दुकानातला पीसी आणि रोज सकाळी आपोआप उघडणारं सट्ट्याचं पान

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दोन पीसी, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, आणि दिवसभर येणारे जाणारे लोक त्यांचे पेन ड्राइव्ह घेऊन. म्हणजे कुठला पेन ड्राइव्ह कुठून फिरून आलाय ते देवालाच माहीत. त्यामुळे व्हायरस हा प्रकार मला नवीन नाही, पण यावर्षी जूनमध्ये, म्हणजे दाखल्यांची ऐन गर्दी, तेव्हा जे झालं त्याने मात्र नाकात दम आणला.

झालं असं की पीसी चालू केला, पासवर्ड टाकला की मिनिटभराने एक काळी खिडकी डोळ्यासमोर चमकून जायची आणि लगेच ब्राउझर आपोआप उघडून त्यात सट्ट्याची जाहिरात, तीही मोठ्ठी, रंगीत, नाचणाऱ्या आकड्यांची. समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले काका बसलेले. ते स्क्रीनकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. "ताई, हे पण करता काय?" आता काय सांगणार. अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन मारला, सगळं हिरवं, काहीच नाही म्हणतंय. गावातला रिपेअरिंगवाला म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल, आणि फॉरमॅट म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, अंगठ्याचं मशीन, सगळं परत घालत बसा. जूनमध्ये? शक्यच नाही.

पुण्यात भाचा आहे त्याला फोन लावला. तो म्हणाला टास्क मॅनेजर उघड, स्टार्टअप टॅबमध्ये काय दिसतं सांग. मी म्हणलं ते मी आधीच बघितलंय रे, त्यात सहा नावं आहेत आणि सहाही ओळखीची. मग तो म्हणाला, "आत्या, तिथं फक्त पुढच्या दारानं येणारे दिसतात. परसदारानं येणारे बघायचे असतील तर ऑटोरन्स घे." तर हा रिव्ह्यू त्या ऑटोरन्सचा. तीन महिने झाले वापरतेय, आता बोलायला हरकत नाही.

आधी माहिती थोडक्यात. हे सिसइंटर्नल्स नावाच्या संचातलं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, विंडोज चालू झालं की आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवतं, आणि प्रत्येक ओळीपुढची टिक काढली की ती गोष्ट आपोआप सुरू व्हायची थांबते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये ही टूल्स द्यायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता ते थेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मिळतं, पूर्ण फुकट, ट्रायल नाही, जाहिरात नाही, ईमेल मागत नाही. (हा रुसिनोविच म्हणजे तोच, ज्याने २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून कॉम्प्युटरमध्ये गुपचूप लपून बसणारं सॉफ्टवेअर जगासमोर आणलं होतं. म्हणजे लपलेलं शोधायची त्याला जुनीच खोड आहे.) छोटीशी झिप फाइल आहे, उघडायची, आतली ६४ वाली फाइल राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, झालं. इन्स्टॉल करायची भानगडच नाही. फक्त गुगलवर नाव टाकून जी पहिली दिसेल त्या साइटवरून घेऊ नका, व्हायरस शोधायचं टूल घ्यायला जायचं आणि व्हायरसच घेऊन यायचं असं होईल.

उघडल्यावर पहिल्यांदा मी बंदच केलं, खरं सांगते. इतक्या ओळी! वर टॅब तरी किती, लॉगऑन, एक्सप्लोरर, शेड्युल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, विनलॉगऑन, प्रिंट मॉनिटर्स, अजून बरेच, आणि एव्हरीथिंग नावाच्या टॅबमध्ये ते सगळं एकत्र. काही ओळी गुलाबी, काही पिवळ्या. मला वाटलं गुलाबी म्हणजे व्हायरस, धसकाच घेतला. तसं नाही ते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच जागेवर नाही, बहुतेक वेळा जुनं अनइन्स्टॉल केलेलं काहीतरी. गुलाबी म्हणजे ती फाइल कुणी बनवली त्याचं नाव नाही किंवा तिची डिजिटल सही (म्हणजे फाइल खरंच त्याच कंपनीची आहे याचा शिक्का) नाही किंवा तपासून खरी निघाली नाही. संशय घ्या एवढंच ते सांगतं, चोर आहे असं म्हणत नाही. माझ्याकडे मराठी फाँट बदलायचं जुनं सॉफ्टवेअर आहे ते कायम गुलाबीच दिसतं, बिचारं साधं आहे, बनवणाऱ्याने सही घेतली नाही इतकंच.

मग भाच्याने फोनवरच ऑप्शन्स लावायला लावले. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन सह्या तपासा यावर टिक, आणि व्हायरसटोटलवर तपासा यावर टिक. हे व्हायरसटोटल म्हणजे गुगलच्या मालकीची सेवा आहे, एकाच फाइलबद्दल सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसचं मत एका ठिकाणी मिळतं. ऑटोरन्समध्ये त्याचा एक कॉलम येतो आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा पडतो, म्हणजे ० भागिले ७२ असेल तर कुणाचीच तक्रार नाही, १ किंवा २ असेल तर बहुतेकदा उगाच आरडाओरडा, आणि ३५-४० असेल तर मग विषय संपला. एक मात्र लक्षात ठेवा, त्याच्याच खाली अनोळखी फाइल अपलोड करा अशी अजून एक टिक असते, ती मी लावत नाही, कारण नुसतं तपासताना फाइलचा ठसा, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळख-क्रमांक, तेवढाच जातो पण अपलोड केलं की अख्खी फाइल बाहेर जाते, आणि माझ्या पीसीवर लोकांची कागदपत्रं असतात.

पहिलाच मासा लॉगऑन टॅबमध्ये गावला पण तो सट्ट्याचा नव्हता. नाव नुसतं आठ-दहा अक्षरांचं कडबोळं, ज्याला काही अर्थ नाही, आणि प्रोग्रॅमच्या जागी डब्ल्यूस्क्रिप्ट, जो स्क्रिप्ट म्हणजे लिहून ठेवलेल्या कमांड चालवतो आणि विंडोजचा स्वतःचाच आहे, सहीबिही एकदम पक्की मायक्रोसॉफ्टची. मी पुढे जाणार होते तेवढ्यात भाचा म्हणाला ओळीवर एकदा क्लिक कर आणि खाली काय येतं ते वाच. खाली पूर्ण कमांड दिसते, त्यात डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे ॲपडेटा फोल्डरमधल्या रोमिंगमधली एक व्हीबीएस फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, होती. म्हणजे ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा, गाडीत बसलेला प्रवासी भलताच. दोन महिने लोकांच्या पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होत होते आणि मी त्यांनाच ओरडत होते की तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस आहे, आणि घाण माझ्याच पीसीतून वाटली जात होती! लाज वाटली अक्षरशः. असा शॉर्टकट झालेला पेन ड्राइव्ह आला तर आतल्या फाइली जात नाहीत, नुसत्या लपवलेल्या असतात, ॲट्रिब कमांडने परत दिसतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं.

टिक काढली, एफ५ दाबून रिफ्रेश केलं, तर ती ओळ परत हजर. परत काढली, परत हजर. भूताटकी म्हणलं मी. तर कारण असं की ती स्क्रिप्ट मागे चालूच होती आणि आपली नोंद पुसली की दुसऱ्या क्षणाला परत लिहीत होती. आधी टास्क मॅनेजरमधून डब्ल्यूस्क्रिप्टची प्रोसेस बंद केली, मग टिक काढली, मग त्या ओळीवर राइट क्लिक करून जंप टू इमेज केलं, पण त्याने मला डब्ल्यूस्क्रिप्टच्याच फोल्डरात नेलं (ती फाइल चुकून डिलीट करू नका हां, ती विंडोजची आहे), म्हणून व्हीबीएसचा पत्ता खालच्या कमांडमधून बघून तिथं हाताने गेले आणि तिला उडवलं. नंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन पण मारला, तो पीसी रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, पंधरा मिनिटांचं काम.

सट्ट्याचं पान शेड्युल्ड टास्क्सच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायला लावलेल्या कामांच्या, टॅबमध्ये मिळालं. नाव असं ठेवलेलं की वाटावं कशाचं तरी अपडेट आहे. क्लिक केलं, खाली कमांड बघितली, तर सीएमडीला (ती चमकून जाणारी काळी खिडकी) सांगितलेलं की स्टार्ट कर आणि पुढे त्या साइटचा पत्ता. बस्स! व्हायरसची फाइल अशी काही नाहीच मुळी, नुसता एक निरोप, लॉगिन झालं की हे पान उघड. म्हणूनच अँटीव्हायरसला काही दिसत नव्हतं, तो फाइली बघत बसलेला आणि इथे फाइलच नाही. आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये शेड्युल्ड टास्क येतच नाहीत, सर्व्हिसेस येत नाहीत, ड्रायव्हर येत नाहीत, तिथं मुख्यतः रन की (विंडोजच्या रजिस्ट्रीतली आपोआप सुरू होणाऱ्यांची नोंद) आणि स्टार्टअप फोल्डरचा कारभार. मी दोन आठवडे चुकीच्या खोलीत उंदीर शोधत होते. टिक काढली, रीस्टार्ट केला, एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. काही उघडलं नाही. चहा मागवला.

आता माझा गाढवपणा पण सांगते. यश डोक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी बसले आणि जे ओळखीचं नाही त्याच्या टिका काढत सुटले, सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये जाऊन. पीसी खरंच पळायला लागला, मी खूश. दुपारी एक आजी आल्या निराधारचे पैसे काढायला, अंगठा ठेवला, मशीनचा लाइटच लागेना. वायर काढली, घातली, पोर्ट बदललं. आजी म्हणतात, "माझाच अंगठा झिजलाय गं." अंगठा नव्हता झिजला, आधारच्या मशीनला लागणारी आरडी सर्व्हिस मीच बंद करून ठेवलेली! पण इथे ऑटोरन्सचा मोठेपणा कळतो, टिक काढली म्हणजे नोंद पुसली जात नाही, ती बाजूला ठेवली जाते, परत टिक लावली आणि रीस्टार्ट केला की होतं तसं. डिलीट मारलं असतं तर कंपनीचं सॉफ्टवेअर परत घालत बसले असते. तेव्हापासून घरचा नियम, आधी टिक काढायची, आठ दिवस थांबायचं, काही अडलं नाही तरच डिलीट. आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये हात घालायचाच नाही, तिथं चुकलं तर विंडोज उठतच नाही.

संशय कशाचा घ्यायचा याचा माझा अंदाज आता बऱ्यापैकी बसलाय. विंडोजची म्हणून मिरवणारी फाइल सिस्टम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरच्या बाहेर कुठे टेम्प किंवा रोमिंगमध्ये बसलेली असली की पक्की भानगड. नावातली अक्षरं नीट वाचायची, खरी फाइल एसव्हीसीहोस्ट असते, चोर एससीव्हीहोस्ट नाव लावून येतो, घाईत फरक कळत नाही. रोमिंगमध्ये असणं हा मात्र गुन्हा नाही, चांगली चांगली सॉफ्टवेअरं पण तिथं बसतात, म्हणून सही आणि व्हायरसटोटलचा आकडा दोन्ही बघायचं. आणि नको असलेलं सगळंच काही व्हायरस नसतं, माझ्याकडे निम्मी गर्दी कुठल्या कुठल्या अपडेटरांची आणि प्रिंटरबरोबर फुकट आलेल्या शाई मोजणाऱ्या प्रोग्रॅमची होती. ती काढल्यावरच पीसी पाच-सहा मिनिटांवरून दीड मिनिटावर आला, हार्ड डिस्कवाला जुना पीसी आहे, याहून जास्त अपेक्षा नाही.

तक्रारी? आहेत ना. एक तर हे अजिबात समजावून सांगत नाही. हे ठेवा, हे काढा असा एक शब्द नाही, नुसती यादी समोर टाकतं आणि गप्प बसतं. अक्षरं बारीक, माझ्यासारख्या चाळिशीवालीला त्रास. मराठी-हिंदीचं नाव नाही. दुसरं, ब्राउझरमधली एक्स्टेन्शन यात दिसत नाहीत, म्हणजे क्रोमच्या आत काही घुसलं असेल तर ऑटोरन्सला पत्ता नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याच्या पीसीवर कोपऱ्यात तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे अशी खिडकी यायची, मी मोठ्या ऐटीत ऑटोरन्स घेऊन गेले, अर्धा तास शोधलं, काही नाही, शेवटी ती ब्राउझरची नोटिफिकेशन निघाली, त्याने कुठल्यातरी साइटला अलाऊ दाबलेलं. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, एका मिनिटाचं काम.

जी गोष्ट सगळ्यात आवडली ती फार लोक वापरत नाहीत असं दिसतं. पीसी स्वच्छ असताना ही सगळी यादी सेव्ह करून ठेवता येते, आणि नंतर कधीही कंपेअर केलं की मधल्या काळात जे नवीन घुसलंय तेवढंच हिरव्या रंगात दिसतं. शेकडो ओळी वाचायची गरज नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडायच्या आधी, लाइटबिल भरायच्या कामाबरोबर हे पण करते. गेल्या महिन्यात एकच हिरवी ओळ होती, मुलाने टाकलेल्या गेमची. त्याला विचारलं तर म्हणतो, तुला कसं कळलं.

मार्क म्हणाल तर ५ पैकी ४. एक कापला तो अक्षरांचा आणि गप्प बसण्याचा. दुकानवाल्यांनी, सायबरवाल्यांनी, फॉरमॅटला पैसे द्यायच्या आधी एकदा बघाच, पण टिका काढताना अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि प्रिंटर यांची नावं आधी कागदावर लिहून ठेवा. माझा कागद मॉनिटरला चिकटवलेला आहे, सेलोटेपने.