निवडणूक खर्चाचा हिशेब लिहून देणारं टिळकवाडीतलं ऑफिस: पाचपैकी चार

2023 च्या कर्नाटक विधानसभेला बेळगावात आमचा एक मित्र अपक्ष उभारला. बाकीच्यांनी घोषणा द्यायच्या आणि मी बिलं गोळा करायची, अशी वाटणी झाली. दोन दिवसांत डोकं गरगरलं, म्हणून टिळकवाडीतल्या एका कर सल्लागाराकडं गेलो. 18 हजार ठरले.

खर्चाची मर्यादा 40 लाख, आमची ऐपत चार लाखांची. आपल्याला कसली भीती, असं मला वाटत होतं. तिथं हिशेब बघणाऱ्या बाईंनी वही उघडून समोर ठेवली. पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोखीला, पिवळी बँकेला. म्हणाल्या, "मर्यादेत बसतंय म्हणून लिहायचं नाही, असं नसतंय."

मामांचा टेम्पो प्रचाराला फिरत होता. तो मी वहीत घेतलाच नव्हता. बाईंनी विचारलं, "फुकट म्हणजे किती?"

"फुकट म्हणजे फुकट की वो."

त्यांनी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांचं दरपत्रक पुढं सरकवलं. त्यात टेम्पोचं दिवसाचं जे भाडं, तेवढं धरायचं. मामांनी डिझेलचेही पैसे घेतले नव्हते, खरं वहीत तेच आमचे सगळ्यात मोठे देणगीदार होऊन बसले.

पेंडॉलवाल्याला मी सात हजार रोख दिले होते, आणखी सहा द्यायला निघालो होतो. बाईंनी फोनवरच थांबवलं. एका माणसाला सगळ्या निवडणुकीत मिळून 10 हजारांवर रोख चालत नाही, पुढचे चेकनं द्या म्हणाल्या. कोल्हापूरहून छापून आणलेली पत्रकंही त्यांनीच परत पाठवली, कारण खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे. आमच्यात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

निवडणूक आयोगाच्या खर्च निरीक्षकांकडच्या तपासणीत त्यांच्या वहीत आमच्या एका सभेला 200 खुर्च्या निघाल्या, आमच्याकडं 120. बाईंनी पेंडॉलवाल्याची पावती आधीच लावून ठेवली होती, त्यामुळं 120 वरच निभावलं.

एक गुण कापला तो सरांमुळं, म्हणजे त्या कर सल्लागारांमुळं. फोन उचलत नाहीत, दुपारी एक ते चार ऑफिस बंद, आणि नोटरीचे 500 वेगळे लागणार हे शेवटच्या दिवशी कळलं. हिशेबासोबत द्यायचं शपथपत्र इंग्रजीत होतं. मित्राला ते वाचता येईना, तर सर म्हणाले, "सही करा, चालतंय." अहो, शपथपत्र आहे ते, लाईट बिल नव्हे. शेवटी बाईंनीच अर्धा तास बसून ओळन्‌ओळ मराठीत सांगितली.

13 मे ला निकाल लागला आणि 10 हजारांची अनामत गेली. "पडलेल्यानं कसला हिशेब द्यायचा?" म्हणून मित्र तोंड फिरवून बसला. बाईंनी त्याला गाठून सांगितलं की जिंको की पडो, 30 दिवसांत हिशेब गेला नाही आणि तसं कारणही नसलं, तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. मग आला मुकाट्यानं सहीला.

8 जूनला हिशेब देऊन पोच घेतली. जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या उतरतोय तोवर मामांचा फोन. "माझ्या नावावर किती लिहिलंस रे?"