स्वप्नात जागे राहण्याचे आठ महिने

वडील गेल्यानंतर, दवाखान्याच्या लांबच लांब कॉरिडॉरमध्ये त्यांची खोली शोधत फिरतो आहे आणि ती सापडतच नाही, हे एकच दुःस्वप्न मला आठवड्यातून दोन-तीनदा पडत असे. त्यावर उपाय म्हणून मी ल्युसिड ड्रीमिंगचा, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येण्याचा, सराव आठ महिने केला.

हा प्रकार थोतांड नाही. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, डोळे मात्र हलू शकतात. त्याचाच आधार घेऊन इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी १९७५ साली झोपलेल्या माणसाने ठरवून केलेले नेत्रसंकेत यंत्रावर टिपले. मी वापरली ती अमेरिकन स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांची ‘माइल्ड’ पद्धत. पाच तासांच्या झोपेनंतर गजर लावून उठायचे, आठवेल ते स्वप्न वहीत लिहायचे आणि ‘पुढचे स्वप्न पडेल तेव्हा ते ओळखीन’ असे मनाशी घोकत पुन्हा झोपायचे. पहाटेकडे रेमचे टप्पे लांबत असल्याने ही वेळ. शिवाय दिवसा अधूनमधून नाक दाबून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नात नाक दाबले तरी श्वास बहुधा चालूच राहतो.

चौथ्या आठवड्यात कॉरिडॉरमध्येच मी नाक दाबले आणि श्वास आत गेला. खोली शोधायचे सोडून मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो. एवढेच केले, वडील काही दिसले नाहीत. पण त्यानंतर ते स्वप्न महिन्यातून जेमतेम एकदा येऊ लागले, आणि आले तरी घामाघूम होऊन उठणे थांबले.

याची किंमत मात्र झोपेने मोजली. साडेतीनच्या गजरानंतर कित्येकदा डोळाच लागत नसे, दिवसभर चिडचिड होई आणि हिशेबात चुका होत. दोनदा पहाटे जाग आली, छताचा पंखा दिसत होता, पण बोटही हलेना. आमच्याकडे याला ‘छातीवर भूत बसले’ म्हणतात. जाग आल्यावरही रेममधली स्नायूंची शिथिलता काही क्षण टिकते, हे कारण ठाऊक असूनही घाबरायचा तो घाबरलोच. याहून वाईट म्हणजे नाक दाबण्याची सवय इतकी अंगवळणी पडली की एका दुपारी बँकेच्या रांगेत उभा असताना समोरची माणसे, काउंटर, माझे स्वतःचे हात, सारेच काही क्षण खोटे वाटले.

मानसोपचारतज्ज्ञांनी गजर आणि दिवसा नाक दाबून पाहणे दोन्ही बंद करायला लावले. त्याऐवजी दिवसा, पूर्ण जागेपणी, दुःस्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज काही मिनिटे मनात घोळवायचा, ही पद्धत त्यांनी दिली. दुःस्वप्नांवरचा हा उपचार जुना आणि अभ्यासलेला आहे. मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. ज्यांना पूर्वी भास-भ्रमांचा आजार झाला आहे किंवा जग परके, खोटे वाटण्याचा त्रास आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

वही अजून उशाशी आहे. गेल्या महिन्यात कॉरिडॉर पुन्हा दिसला. ते स्वप्न आहे हे मला कळलेच नाही, पण बाक दिसल्यावर मी आपसूक त्यावर जाऊन बसलो.