शहापुरात करून घेतलेला बंद पेटीचा सबवूफर

शहापुरातल्या एका कारागिराकडून सबवूफरच्या (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) १२ इंची ड्रायव्हरसाठी, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या भागासाठी, बंद पेटी करून घेतली. १८ मिमी प्लाय, आतून आडवे टेकू, सांध्यांतून हवा निसटत नाही. पॉलिश सुमार आहे, ते दुसऱ्याकडून करा.

भजनातला पखवाज लावून बघा. थाप पडते आणि थांबते, पोर्टवाल्या (हवेला भोक ठेवलेल्या) पेटीसारखी मागे घुमत राहत नाही. अनुनादाच्या (ज्या सुराला पेटीतला ड्रायव्हर आपसूक थरथरतो त्याच्या) खाली बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवालीचा २४ ने. उतार हलका, म्हणून फेजही (आवाजाच्या लाटेचं पुढेमागे सरकणं) कमी वळते. त्यात टिळकवाडीतली आमची खोली लहान. भिंती खालच्या सुरांना उचलून धरतात, त्यामुळे ३० हर्ट्झसुद्धा बऱ्यापैकी लागतं. सिनेमातले स्फोट मोठ्याने ऐकायचे असतील तर मात्र पेटी दमते. ॲम्प्लिफायर दणकट हवा, तोही खर्च धरा.

फेजचं बटण शून्यावर सोडून देऊ नका. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला असेल तर तोच सूर स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर लावा, आपण नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला बटण फिरवायला सांगा. आवाज सर्वांत भरीव होईल तिथे थांबवा. आमच्याकडे वहिनींनी फिरवलं, वर "भावोजी, आता भांडी वाजायला लागली" हेही ऐकवलं. भांडी खरंच वाजत होती. मांडणीखाली रबर घातलं.